रुसूबाईंची मोजणी

माझी नणंद काय करते असं कुणी विचारलं की मी आधी विचारणाऱ्याचा चेहरा बघते. माणूस घाईत असेल तर "प्रयोगशाळेत आहे" एवढ्यावर भागवते. निवांत असेल तर खरं सांगते, "चिखल मोजते." मग तो हसतो आणि मला राग येतो. आपणच चेष्टा करायची आणि दुसरा हसला की फणकारायचं, हा माझा जुना स्वभाव आहे. नणंदेची चेष्टा करायचा हक्क या जगात फक्त मला आहे आणि तो मी कुणाला वाटून देत नाही.

मी शिवणकाम करते. घराखालच्याच खोलीत माझं दुकान आहे. दोन मशिनं, कापायचं लांब टेबल आणि भिंतभर रिळांची फळी. वन्सं, म्हणजे माझी नणंद, मागच्या गल्लीत दोन खोल्यांत एकट्या राहतात. माझ्या नवऱ्यापेक्षा सहा वर्षांनी मोठ्या, त्यामुळे त्याला अजून शाळेत असल्यासारखं वागवतात. मला 'टेलरबाई' म्हणतात. लग्नानंतरच्या पहिल्याच आठवड्यात मी त्यांच्या कोटाची बाही उलटी लावली होती, तेव्हापासून. तेहेतीस वर्षं झाली, ती बाही विसरायचं त्यांनी अजून मनावर घेतलेलं नाही.

प्रयोगशाळेत त्या लागल्या बाटल्या धुवायला. तिथे एक म्हातारे साहेब समुद्रतळाच्या चिखलातून एक प्रकारचे जीव वेचत बसायचे. वाळूच्या कणाएवढा जीव, एकाच पेशीचा, पण अंगाभोवती चुन्याचं सुबक कवच बांधून राहणारा. शास्त्रीय नाव फोरॅमिनिफेरा. म्हणेपर्यंत चहा गार होतो. साहेबांचा हात कापायला लागला तसं त्यांनी बाटल्या धुणाऱ्या बाईला विचारलं, "तुमचा हात स्थिर आहे का हो?" वन्संनी हात पुढे करून दाखवला. या गोष्टीला सत्तावीस वर्षं झाली. तेव्हापासून तो हात चिखलातच आहे.

काम ऐकायला सोपं आहे. खाडीच्या तळाचा चिखल काढायचा आणि तिथल्या तिथे त्यात गुलाबी रंग मिसळायचा. जो जीव त्या वेळी जिवंत असेल त्याच्या आतला गर रंग पिऊन गुलाबी होतो. रिकामं कवच पांढरंच राहतं. मग चिखल बारीक चाळणीत धुवायचा, वाळवायचा, चौकटी आखलेल्या काळ्या ताटलीत पसरायचा आणि सूक्ष्मदर्शकाखाली ओल्या ब्रशच्या टोकानं एकेक कवच उचलून मोजायचं. एका नमुन्यात तीनशे. ब्रशला केस तीन. असला ब्रश बाजारात मिळत नाही, म्हणून वन्सं चांगला ब्रश आणून त्याचे केस कापत बसतात, तेही माझ्या सगळ्यात बारीक कात्रीनं. ती कात्री न्यायचं त्यांच्या बरोबर लक्षात राहतं, आणून द्यायचं राहत नाही.

मोजून काय मिळतं, तर खाडीची खबर. बाटलीत पाणी भरून तपासलं तर त्या दिवसापुरतं कळतं. हे जीव मात्र तळाशीच जन्मतात आणि तळाशीच मरतात, त्यामुळे तिथे महिनोन्‌महिने काय सोसावं लागलं ते त्यांच्या अंगावर दिसतं. घाण वाढली की नाजूक जाती आधी नाहीशा होतात. उरलेल्यांतल्या काहींची कवचं वेडीवाकडी होतात. आणि काही जाती अशा की त्यांच्या अंगावर काहीही ओता, मजेत जगतात. या चिवट जातींना वन्सं 'कोडगे' म्हणतात. जी नाजूक जात सगळ्यात आधी गेली ती 'रुसूबाई'. "जरा मनाविरुद्ध झालं की निघाल्या, आणि कितीही मनधरणी केली तरी परत यायचं नाव नाही," असं त्यांचं वर्णन. अहवालात अर्थातच लांबलचक नावं असतात. आमच्या घरात कोडगे आणि रुसूबाई.

आणि या रुसूबाईंशी आमच्या घराचं नातं जवळचं आहे. माझा नवरा शिंपल्या काढायचा. ओहोटीला दाताळं घेऊन खाडीत उतरायचा आणि भरती यायच्या आत दोन टोपल्या भरून वर यायचा. खाडीच्या वरच्या अंगाला नळांना चकाकी देणारा एक कारखाना होता. त्याचं धातूचं पाणी वर्षानुवर्षं खाडीत सुटत होतं. बावीस वर्षांपूर्वी शिंपल्यांत जड धातू सापडले आणि खाडी बंद झाली. नवरा शीतगृहात खोकी हलवायला लागला, दाताळं माळ्यावर गेलं. पुढे अकरा वर्षांनी कारखान्याचं पाणीही बंद झालं, पण तळाच्या चिखलाला ते लवकर विसरता येईना.

दर वर्षी मोजणी संपली की नवरा बहिणीला विचारायचा, "आल्या का?" आणि त्या म्हणायच्या, "नाही रे." एवढंच. मग दोघं भलत्याच विषयावर बोलायला लागायचे. हे मी इतकी वर्षं ऐकलं आहे आणि दर वेळी मला नेमकं आतल्या खोलीत काहीतरी काम निघालं आहे. त्याचा तो वळून खिडकीबाहेर बघणारा चेहरा मला बघवत नसे.

यंदा गोष्ट नुसती वाट बघण्याची नव्हती. बंदराच्या मंडळाला खाडी बुजवून तिथे ट्रक उभे करायला तळ बांधायचा होता. मेलेलीच तर आहे, ठेवून करायचंय काय, असं त्यांचं म्हणणं. सगळं प्रयोगशाळेच्या अहवालावर अडलं होतं. एका जागी जरी रुसूबाईंची जिवंत वस्ती सापडली तर भराव थांबणार आणि शिंपल्यांची तपासणी नव्यानं सुरू होणार. नाही सापडली तर दगडांच्या गाड्या.

अशात एका दुपारी वन्सं कामावरून थेट दुकानात शिरल्या. पायात प्रयोगशाळेतल्या रबरी चपला तशाच.

"टेलरबाई, नऊ!"

"काय नऊ?"

"रुसूबाई! गुलाबी! एका ताटलीत नऊ!"

नवरा वरच दाढी करत होता. अर्ध्या गालाला साबण तसाच घेऊन तो जिना उतरला. बहिणीनं परत सांगितलं, त्यानं परत विचारलं, असं चार वेळा झालं. मग तो माळ्यावर चढला आणि दाताळं घेऊन आला. त्याच्यावरची धूळ माझ्या नव्या पडद्यांच्या कापडावर पडली आणि मी ओरडले नाही, यावरून काय ते ओळखा. मी मशिनवर डोकं टेकून चक्क रडले. रडणारी बाई मी नव्हे.

चहा झाला. वन्संना हात रिकामा ठेवता येत नाही, त्यामुळे बोलता बोलता त्या टेबलावर पडलेली माझी रिळं फळीवर लावत होत्या. गुलाबीच्या खणात गुलाबी ठेवलं. मग जांभळं उचललं आणि तेही गुलाबीतच ठेवलं. मग आणखी एक जांभळं, तिथेच. मला वाटलं, आनंदात लक्ष नसेल. पण रिळांच्या बाबतीत माझी नजर वाईट आहे, एकदा खुपलं की खुपलं. मागच्या महिन्यात त्यांनी भावाच्या गडद निळ्या पँटला काळ्या दोऱ्यानं टीप घातली होती आणि "छान मिळून आलंय" म्हणाल्या होत्या. त्यावर मी आठवडाभर चेष्टा केली होती. आता ती चेष्टा आठवली आणि मी हातातलं कापड खाली ठेवलं.

कारण निळ्या बादलीची गोष्ट मला ठाऊक होती. एक नमुना धुवून झाला की वन्सं चाळणी घासून निळ्या रंगाच्या बादलीत बुडवतात. आधीच्या नमुन्यातलं एखादं कवच जाळीत अडकून बसलं असेल तर ते निळं होतं आणि पुढच्या नमुन्यात उतरलंच तर परकं म्हणून लगेच ओळखू येतं. तुलनेसाठी त्या बाहेरच्या स्वच्छ समुद्राचा चिखलही धुतात आणि तिथे रुसूबाई ढिगानं असतात, जिवंत, गुलाबी. असली एखादी गुलाबी जाळीत अडकून निळ्या बादलीत बुडाली तर काय होईल? जांभळी होईल. आणि माझ्या नणंदेला जांभळं आणि गुलाबी एकच दिसत होतं.

दोन दिवस मी मूग गिळून बसले. खोटं कशाला बोलू, मला गप्पच राहायचं होतं. नवरा शिट्टी वाजवत कामाला जात होता. दाताळ्याला नवा दांडा बसवत होता. वाटायचं, मी कोण लागून गेले? मी पडले शिंपीण, सूक्ष्मदर्शकाला कधी डोळा लावला नाही. वन्सं निवृत्त व्हायला चार महिने राहिलेत, होऊ दे त्यांचं कौतुक. वाचू दे खाडी. पण शिवताना प्रत्येक टाक्याला माझी नजर त्या फळीकडे जायची. तिथे गुलाबीच्या खणात दोन जांभळी रिळं बसलेली आणि ती काढून जागेवर ठेवायचंही मला धाडस होत नव्हतं.

तिसऱ्या दिवशी मी टेबलावर बारा रिळं मांडली आणि वन्संना म्हटलं, "जरा रंग लावून देता का? माझी कंबर धरलीय."

त्यांनी चार रिळं लावली. पाचव्याला हात थांबला. त्यांनी माझ्याकडे बघितलं. सत्तावीस वर्षं कणाकणातला फरक ओळखणारी बाई, तिला माझं नाटक ओळखायला किती वेळ लागणार?

"परीक्षा घेतेयस का माझी?"

मी नुसतं एक रीळ गुलाबीच्या खणातून काढून जांभळ्यात ठेवलं. मग दुसरं.

त्या खुर्चीवर बसल्या. दोन्ही रिळं दारापाशी उजेडात नेऊन बघितली, परत आल्या, परत नेली. "मला दोन्ही सारखीच दिसतायत गं," असं अगदी बारीक आवाजात म्हणाल्या. आणि मग ताडकन उठल्या. "छोट्या मॅडमना सांगायला हवं. अहवाल उद्या जाणार आहे."

"वन्सं, थांबा. आधी डोळे दाखवू या. कदाचित नऊच्या नऊ गुलाबी असतील."

"असतील तर मॅडम तसं सांगतील. मी नाही सांगू शकत." चप्पल घालता घालता वळून म्हणाल्या, "तू दोन दिवस गप्प होतीस ना? माझ्या आलं लक्षात. तुझी टीप वाकडी पडत होती."

छोट्या मॅडम म्हणजे त्यांच्या विभागप्रमुख, वन्संपेक्षा वीस वर्षांनी लहान. त्यांनी तेव्हाच ती ताटली काढून तपासली. नऊपैकी सात जांभळ्या, म्हणजे बाहेरच्या समुद्रातून चाळणीच्या जाळीत बसून आलेल्या. दोन खऱ्या गुलाबी. दोन म्हणजे वस्ती नव्हे, वाट चुकलेल्या पाहुण्या. मग दोघींनी मागच्या पाच वर्षांच्या ताटल्या कपाटातून काढून तपासल्या. तिथे शून्याचं शून्यच होतं, निदान त्या बाबतीत वन्संचा जीव भांड्यात पडला. मॅडम त्यांना एका शब्दानं बोलल्या नाहीत. मंडळाकडून सहा आठवडे मागून घेतले आणि वन्संना डोळ्यांच्या दवाखान्यात पाठवलं. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, पिवळट आणि जुना. हळूहळू वाढतो, त्यामुळे माणसाला आपलं निळं कधी हरवलं ते कळतच नाही, असं डॉक्टर म्हणाले.

घरी मात्र नवऱ्याचा तिळपापड झाला. त्यानं दाताळं परत माळ्यावर टाकलं, ठेवलं नाही, टाकलं. "एक चिखल मोजणारी आणि एक दोरे मोजणारी! तुम्हा दोघींच्या शहाणपणात माझी खाडी बुडाली."

"बुडाली नाही, अजून बुजलीही नाही," मी म्हटलं. "आणि खोट्या हिशेबावर उघडली असती तर त्या शिंपल्या आधी कुणी खाल्ल्या असत्या? आपणच ना?"

यावर त्यानं बहिणीशी बोलणंच बंद केलं. म्हणजे काय, तर दोघं एकाच खोलीत बसणार आणि हा मला म्हणणार, "तिला सांग, चहा गार होतोय." त्या म्हणणार, "त्याला सांग, मला दिसतोय." चार हातांवर बसलेल्या दोन माणसांमध्ये मी टपाल वाटत होते.

एका डोळ्याचं ऑपरेशन झालं. पट्टी काढली त्या दिवशी मी त्यांना घेऊन दुकानात आले. दारातच थबकल्या. फळीकडे बघत राहिल्या. "अगं, हे एवढं निळं आहे?" म्हणाल्या. मग एकेक रीळ उचलून, "हे निळं. हे जांभळं. हे गुलाबी. हे काय भयंकर जांभळं आहे गं!" असं सगळी फळी होईपर्यंत चाललं. मी त्यांना खुर्चीत बसवलं तेव्हा त्या हसतही होत्या आणि डोळ्याला हात लावायचा नाही म्हणून गालावरचं पाणी तसंच वाहू देत होत्या.

नव्या चिखलासाठी बोट निघायच्या आदल्या दिवशी नवरा जेवता जेवता ताटात बघून मला म्हणाला, "तिला सांग, दर वर्षी त्याच त्या जागांवरचा चिखल काढतात. तुलनेला ठीक आहे. पण तोंडाशी काळ्या खडकाच्या आडोशाला कुणी बघितलंय का? भरतीचं ताजं पाणी आधी तिथे शिरतं. माझ्या पहिल्या शिंपल्या तिथल्याच असायच्या."

वन्सं समोरच होत्या. "त्याला सांग," त्या म्हणाल्या, "बोटीत एक जागा रिकामी आहे."

तो गेला. बोटीतही बोलला नाही म्हणे, पण जागा बोटानं दाखवली आणि तळाचा चिखल वर ओढायला स्वतः दोरी धरली. चार नेहमीच्या जागा आणि पाचवी त्याची. या खेपेला वन्संनी खाडीचे नमुने आधी धुतले, बाहेरच्या समुद्राचा सगळ्यात शेवटी, आणि प्रत्येक नमुन्यागणिक चाळणी निळ्या बादलीत. मग त्या आणि छोट्या मॅडम वेगवेगळ्या खोल्यांत बसून, एकमेकींना आकडा न सांगता मोजायला लागल्या. नऊ दिवस लागले. त्या नऊ दिवसांत मी तीन फ्रॉक उसवून परत शिवले.

दहाव्या दिवशी सकाळी निरोप आला, दोघांनी या.

मी ती खोली पहिल्यांदाच बघितली. लांब मानेचा नळ, खिळ्यांना टांगलेल्या चाळण्या, खिडकीशी निळी बादली, आणि कडेच्या टेबलावर माझी हरवलेली कात्री. वन्सं सूक्ष्मदर्शकाशी बसल्या होत्या. चेहऱ्यावरून काही कळू देत नव्हत्या. छोट्या मॅडम भिंतीला टेकून उभ्या होत्या आणि त्यांनाही बोलायची परवानगी नसावी, कारण ओठ घट्ट मिटलेले.

"चार जागांवर नुसते कोडगे," वन्सं कुणाकडेच न बघता म्हणाल्या. नवऱ्यानं खिडकीकडे तोंड वळवलं. मला आत जायला आतली खोलीही नव्हती.

"आता ही पाचवी. टेलरबाई, रिळं आणलीस?"

निरोपात तसं होतं, म्हणून मी आणली होती. एक गुलाबी, एक जांभळं.

"बस इथं. मी बघितलंय, मॅडमनी बघितलंय. पण ज्या नजरेनं मला पकडलं ती नजर मला हवीय. गुलाबी की जांभळी, सांग."

मी डोळा लावला. आधी नुसता उजेड. मग काळ्या चौकटीत ओळीनं मांडलेली कवचं दिसली. गोल, वेटोळ्याची, भिंगाखाली काचेसारखी. एवढं नेटकं काम मी आयुष्यात शिवलेलं नाही. प्रत्येकीच्या आत रंग. मी एक मोजली, दहा मोजल्या, वीस. मध्ये रिळं बघितली, परत डोळा लावला. शेवटच्या ओळीत अगदी एवढ्याशा होत्या, मोठ्यांच्या पावपटही नाहीत, त्याही तशाच.

"गुलाबी," मी म्हटलं. "सगळ्या गुलाबी."

"एक्केचाळीस," छोट्या मॅडमना राहवलं नाही. "दोघींचा आकडा एकच. त्यात अकरा पिल्लं आहेत. त्या तिथेच वाढतायत. अहवाल दुपारी जातोय."

वन्सं उठल्या आणि स्टूल भावाकडे सरकवलं. त्यांनी त्याला काही सांगितलं नाही, आणि मलाही सांगायला लावलं नाही. तो बसला. खोकी हलवून जाड झालेली बोटं कुठे ठेवावी त्याला कळेना, म्हणून त्यानं ती मांडीवर धरली. पुष्कळ वेळ तो डोळा लावून बसला. खांदे तेवढे हलत होते. वन्संनी मागून त्याच्या पाठीवर हात ठेवला. तो एवढी वर्षं जे विचारायचा ते त्यानं आज विचारलं नाही. भिंगावरून डोळा न काढता म्हणाला,

"ताई, आल्या गं."